गाडी चकचकीत केली, पैसे किती घ्यायचे?

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की पळस्पे फाटा येतो. पुढे शिरढोण. हे वासुदेव बळवंत फडक्यांचे गाव. तिथून थोडे पुढे गेले की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो आणि रस्ता झाडीत शिरतो. ही झाडी म्हणजे कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य. ते १९६८ साली झाले. रविवारी इथे मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रीघ लागते. लोक झाडाखाली गाडी लावतात आणि पाखरं बघायला वर जातात. दोन तासांनी परत येऊन पाहावे, तर पाखरांनी टपावर सही केलेली असते!

अभयारण्यात कोणाला दुकान थाटता येत नाही. पण अलीकडे, हमरस्त्याच्या कडेला, गाडी धुण्याचा धंदा चांगला चालू शकतो. या रस्त्याचे पनवेल ते इंदापूर हे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि बरीच वर्षे रेंगाळले. धूळ, चिखल, डांबराचे ठिपके यांना तोटा नव्हता. गणपतीला चाकरमानी याच वाटेने कोकणात जातात. दसऱ्याला तर गाडी धुतल्याशिवाय कोणी तिला हार घालत नाही. म्हणजे गिऱ्हाईक आहे. मग अडचण कुठे येते? अडचण येते ती पाटीवरच्या आकड्यात.

पुष्कळ जण काय करतात? शेजारच्या दुकानाची पाटी वाचतात. तिथे ३०० लिहिले असेल तर आपण २५० लिहितात. गाड्या येतात. दिवसभर पंप चालतो, पाठ मोडते. वर्षाच्या शेवटी पाहावे तर हातात काही नाही. असे का झाले ते कळत नाही, कारण हिशेबच मांडलेला नसतो. तो कसा मांडायचा ते आपण इथे पाहू. वही आणि पेन्सिल जवळ घ्या. आम्ही जे आकडे घेतले आहेत ते नमुन्याचे आहेत. तुमचे आकडे तुम्ही घाला.

आधी कामे वेगळी करा. नुसती बाहेरून गाडी धुणे, आतला कचरा ओढून काढणे, हे झाले वॉशिंग. सीट, छत, पायातले गालिचे साबणाच्या फेसाने घासून काढणे याला लोक ड्रायक्लीन म्हणतात. रंगावरचे बारीक ओरखडे मशीनने घालवणे म्हणजे रबिंग-पॉलिश. ही सगळी कामे नीट, कानाकोपऱ्यापर्यंत करणे याला हल्ली डिटेलिंग म्हणतात. शब्द नवा आहे, पण त्याने दर आपोआप वाढत नाही. दर ठरतो तो वेळेवर.

आता खर्च. समजा, दोन माणसांचे दुकान आहे. मालक स्वतः आणि एक मदतनीस. महिन्याला जागेचे भाडे १२,००० रुपये. विजेचे बिल ३,०००. पाण्याच्या टँकरचे ४,०००. पंप, व्हॅक्यूम, पॉलिशचे मशीन वगैरे सामान ९०,००० रुपयांचे आणले. ते तीन वर्षे चालेल असे धरा. तीन वर्षांचे महिने ३६. म्हणजे महिन्याला २,५०० रुपयांचे मशीन झिजते. हा खर्च खिशातून जाताना दिसत नाही, म्हणून बहुतेक जण तो सोडून देतात. पंप बंद पडला की मग धावाधाव. कर्जाचे व्याज १,०००. फोन, चहा, किरकोळ दुरुस्ती १,५००. सगळे मिळून महिन्याला २४,००० रुपये झाले. वर्षाचे २,८८,०००.

मजुरीचे काय? मदतनिसाला १५,००० द्यायचे ते सगळे धरतात. मालक स्वतःची मजुरी मात्र धरत नाही. "आपल्याच घरचं काम, त्याला कसली मजुरी?" असे म्हणतात. अहो, हाच माणूस दुसरीकडे कामाला गेला असता तर त्याला पगार मिळाला असता की नाही? तो धरा. आम्ही २५,००० धरला. दोघांचे मिळून महिन्याला ४०,०००, वर्षाला ४,८०,०००.

जागा स्वतःची असेल तरी भाडे लिहा. ती दुसऱ्याला दिली असती तर भाडे आले असतेच.

पुढची पायरी महत्त्वाची आहे. वर्षात आपले हात प्रत्यक्ष गाडीवर किती तास असतात? दुकान उघडे असते तितके तास धरू नका. गिऱ्हाइकाची वाट पाहण्यात, टँकर भरण्यात, बोलण्यात वेळ जातोच. शिवाय आपल्याकडे चार महिने पाऊस. धो-धो पाऊस पडत असताना बाहेरून गाडी कोण धुवून घेणार? म्हणून कोरड्या आठ महिन्यांत दोघांचे मिळून महिन्याला २४० तास धरू. ते झाले १,९२०. पावसाच्या चार महिन्यांत निम्मे, म्हणजे १२० तास. ते झाले ४८०. एकूण २,४०० तास.

आता भागाकार करा. २,८८,००० भागिले २,४०० म्हणजे १२० रुपये. ४,८०,००० भागिले २,४०० म्हणजे २०० रुपये. बेरीज ३२०. एका माणसाने एक तास गाडीवर हात चालवला की ३२० रुपये खर्च झाले. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. बाकी सगळे यातूनच निघते.

लहान गाडी नीट धुवायला, आतून साफ करायला आणि पुसायला एका माणसाचा एक तास लागतो असे धरा. दोघे लागले तर अर्धा तास. हिशेब तोच. ३२० रुपये आणि शाम्पू, कापड, टायरचे पॉलिश मिळून ४० रुपये. झाले ३६०. ज्याने पाटीवर २५० लिहिले, त्याने प्रत्येक गाडीमागे ११० रुपये घालवले. जितक्या गाड्या जास्त, तितका खड्डा मोठा.

३६० ला काम करून भागते, पण पुढे सरकता येत नाही. एखादे दिवशी मदतनिसाच्या हातून काच फुटते. नवे मशीन घ्यायचे असते. त्यासाठी शंभराला १५ रुपये वर धरा. ३६० चे १५ टक्के ५४. एकूण ४१४. पाटीवर ४०० लिहिले तरी ४० रुपये उरतात.

याच रीतीने ड्रायक्लीनला पाच तास लागत असतील, तर १,६०० आणि सामान २०० धरून १,८०० झाले. त्यावर १५ टक्के २७०. एकूण २,०७०. रबिंग-पॉलिशला आठ तास लागले तर २,५६० आणि पॅड-पॉलिशचे ५००, म्हणजे ३,०६०. वरचे १५ टक्के धरून साधारण ३,५००. सात माणसांची मोठी गाडी आली तर अंदाज करू नका. पहिल्या चार-पाच गाड्यांना घड्याळ लावा. दीड तास लागला तर दीड तासाचे पैसे घ्या.

पॉलिशच्या कामात आणखी एक जोखीम आहे. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केससुद्धा या थराहून जाड असतो! ओरखडे घालवताना मशीन याच थराचा थोडा भाग खरवडते. ती गाडी दर सहा महिन्यांनी घासत बसलो तर एक दिवस खालचा रंग उघडा पडेल, आणि मग नवा रंग द्यायचा खर्च आपल्या गळ्यात. म्हणून रबिंगचा दर कमी करून गिऱ्हाईक ओढणे आम्हाला मुळीच पसंत नाही. या कामात शिकलेला हात हवा, त्याचे पैसे घ्यायला हवेत, आणि गरज नसेल तर "साहेब, याला रबिंग नको, नुसते धुवा" असे सांगताही यायला हवे.

पाखरांच्या विष्ठेचेही तसेच. ती आम्लधर्मी असते. उन्हात तापली की रंगाला खाते. ताजी असेल तर ओल्या कापडाखाली भिजू द्यायची आणि अलगद उचलायची. दोन मिनिटांचे काम. चार दिवस वाळलेली असेल तर डाग उरतो, आणि तो घालवायला तास लागतो. दोन्ही गाड्या लहानच, दोन्ही पांढऱ्याच. पण काम सारखे नाही. म्हणून फोनवर पक्का दर सांगू नये. "२,०७० पासून पुढे, गाडी पाहून सांगतो," असे म्हणावे. गाडी आली की मालकासमोर तिच्याभोवती फिरावे, जुने ओरखडे दाखवावेत, मोबाईलवर फोटो काढावेत. मग काम आणि रक्कम चिठ्ठीवर लिहून द्यावी. काम झाल्यावर रक्कम वाढवायची नाही.

घासाघीस तर होणारच. गिऱ्हाईक म्हणेल, "दादा, तीनशेत करा की. पुढचा तीनशेच घेतो." रागावू नका. त्या पुढच्याची जागा वडिलोपार्जित असेल, विहिरीचे पाणी असेल, तो वीस मिनिटांत गाडी सोडत असेल. आपण म्हणावे, "करतो साहेब. बाहेरून धुवून पुसून देतो, आतले काम नको." दर उतरवायचा तर कामही तितके उतरवावे. तेच काम कमी पैशात केले की पहिला दर लबाडीचा होता असे त्याला वाटते.

पावसाळ्याची गोष्ट मात्र निराळी आहे. त्या दिवसांत हात रिकामे असतात, पण भाडे आणि पगार चालूच राहतात. तेव्हा जुन्या गाड्यांचा एखादा व्यापारी एकदम दहा गाड्या देत असेल, तर ३२० ऐवजी तासाला २०० नेही काम घ्यायला हरकत नाही. रिकामा तास काहीच देत नाही. हाच व्यापारी दसऱ्याच्या आठवड्यात त्याच दराने गाड्या घेऊन आला तर त्याला थांबायला सांगा, कारण तेव्हा पूर्ण दराचे गिऱ्हाईक दारात उभे असते. पावसात आणखी एक काम निघते. ओल्या चपला, ओल्या छत्र्या यांनी गाडीला आतून कुबट वास येतो, गालिच्यावर बुरशी धरते. बाहेरचे धुणे बंद असले तरी ड्रायक्लीन चालते. पाटीवर ते ठळक लिहा.

सिरॅमिक कोटिंगची हल्ली हवा आहे. त्यात औषधाच्या बाटलीपेक्षा आधीची तयारी मोठी असते, आणि गाडी दोन दिवस शेडमध्ये अडकून पडते. शेड एकाच गाडीची असेल तर त्या दोन दिवसांत दुसरी गाडी घेता येत नाही. ती बुडालेली कमाई दरात धरल्याशिवाय हे काम घेऊ नये.

साबणाचे, तेलकट पाणी सरळ ओढ्यात सोडू नका. गाळ बसायला खड्डा करा, आणि तो उपसायचा खर्च वहीत चढवा. सरकारी बाबतीत एवढे ध्यानात ठेवा: सेवेच्या धंद्याची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते, आणि या कामावर १८ टक्के कर आहे. आपल्या नमुन्यातले दुकान त्याच्या बरेच खाली आहे. पण धंदा वाढून त्या आकड्याजवळ आला तर आधीच तयारी करा. ४०० रुपयांवर ७२ रुपये कर होतो. तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेतला नाही तर आपल्या मजुरीतून जाईल.

एकदा केलेला हिशेब कायमचा नसतो. टँकर महागतो, विजेचा दर चढतो, मदतनीस कामात तयार झाला की त्याचा पगार वाढवावा लागतो. दिवाळीच्या पाडव्याला नवी वही घालतो, त्या दिवशी पहिल्या पानावर हीच बेरीज आणि हाच भागाकार पुन्हा करावा. ३२० चे ३५० झाले असतील तर पाटी बदलावी. नेहमीच्या गिऱ्हाइकांना मात्र पंधरा दिवस आधी तोंडी सांगावे, आणि ज्यांनी आधीच दिवस ठरवला आहे त्यांची गाडी जुन्याच दराने करून द्यावी.