मागितलं एक, आली पलटण

उबुंटूवर एखादा प्रोग्राम मूळ कोडपासून घडवायचा असेल, तर आधी ‘बिल्ड-एसेन्शियल’ बसवा, असं सांगतात. आपण पॅकेजं बसवणाऱ्या ‘ॲप्ट’ला ते एकच नाव देतो आणि पडद्यावर पॅकेजांची भलीमोठी रांग उमटते. ही बाकीची मंडळी आली कुठून?

गंमत म्हणजे बिल्ड-एसेन्शियलमध्ये स्वतःचं असं जवळपास काहीच नसतं. सत्यनारायणाच्या पूजेची यादी दुकानदाराच्या हाती दिली, की तो सुपारीपासून कापरापर्यंत सगळं बांधून देतो. हे पॅकेज म्हणजे तशी यादीच. तिच्यात जीसीसी, मेक अशी नावं असतात आणि त्या प्रत्येकाला आणखी कोणी तरी लागतं. जीसीसीचं ‘बिनयुटिल्स’मधल्या असेम्ब्लर आणि लिंकरशिवाय पान हलत नाही. ॲप्ट ही साखळी शेवटपर्यंत तपासतं, आधीच असलेलं वगळतं आणि उरलेलं आणतं.

जीसीसी आपला कोड प्रोसेसरच्या भाषेत उतरवतो. मला मात्र मेक जास्त हुशार वाटतं. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये लिहिलं. ते फायलींच्या वेळा पाहतं. मूळ फाइल तिच्यापासून घडवलेल्या फायलीपेक्षा नवी असेल, तरच ते काम पुन्हा करायला घेतं. त्यामुळे मोठ्या प्रकल्पात एखादी ओळ बदलली, तरी सहसा तिच्याशी संबंधित तेवढाच भाग नव्याने घडतो. संगणकाचं घड्याळ चुकलं, तर मात्र मेकही फसतं!

एवढं करूनही ‘हेडर फाइल सापडत नाही’ अशी कुरकुर आली, तर त्या लायब्ररीचं ‘डेव्ह’ शेपटीचं पॅकेज वेगळं मागवावं लागतं.