मोटारसायकलींची दोन-धावी व चार-धावी एंजिने

दट्ट्याच्या किती धावांत एक आवर्तन पुरे होते, यावरून पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारसायकलींच्या एंजिनांचे दोन प्रमुख प्रकार पडतात. चार-धावी एंजिनात शोषण, संपीडन, शक्ती व निष्कास या क्रियांना प्रत्येकी एक धाव लागते. म्हणजे भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होते. दोन-धावी एंजिनात ते प्रत्येक फेरीस होते. चार-धावी तत्त्वावर चालणारे यशस्वी एंजिन निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये बनविले. भुजापेटीतच मिश्रण दाबून घेणारा, सिलिंडराच्या भित्तीतील द्वारांवर चालणारा साधा दोन-धावी प्रकार जोसेफ डे या इंग्रज अभियंत्याने १८९० च्या सुमारास सिद्ध केला. लहान मोटारसायकलींनी पुढे हाच प्रकार उचलला.

प्रत्येक फेरीस ज्वलन होत असल्याने दोन-धावी एंजिनाने तेवढ्याच आकारमानात दुप्पट शक्ती द्यावी, असा हिशेब मांडता येतो; प्रत्यक्षात ती सु. दीडपट भरते. १९८५ मध्ये भारतीय बाजारात आलेल्या दोन वाहनांची तुलना येथे बोलकी ठरते. यामाहा आरएक्स १०० हिचे ९८ घ. सेंमी.चे दोन-धावी एंजिन ११ अश्वशक्ती देत असे, तर जवळजवळ तेवढ्याच आकारमानाचे हीरो होंडा सीडी १०० चे चार-धावी एंजिन सु. ७ अश्वशक्ती देई. पहिलीची कीर्ती तिच्या झेपेमुळे, तर दुसरीची कमी इंधनात जास्त अंतर काटण्यामुळे झाली. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, तरी तिच्या चाहत्यांचा वर्ग आजही मोठा आहे.

दोन-धावी एंजिनात झडपा, कॅमदंड व साखळी नसल्याने ते हलके असते व त्याची दुरुस्ती सोपी असते. मात्र ताजे मिश्रण आत येत असतानाच जळलेले वायू बाहेर जातात आणि त्यांबरोबर न जळलेल्या पेट्रोलचा काही अंश निष्कासद्वारातून निसटतो. याला काही प्रमाणात आवर घालणाऱ्या फुगीर निष्कासनळीचा विकास पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात व्हाल्टर काडेन यांनी १९५० नंतरच्या दशकात केला. नळीतून परतणारी दाबलहर निसटू पाहणारे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. ही लहर ठराविक फेऱ्यांच्या टापूतच वेळेवर परतते. म्हणून अशी गाडी खालच्या वेगाला मंद वाटते आणि एकाएकी उसळी घेते.

हा स्वभावभेद घाटात नीट कळतो. पुण्याच्या दक्षिणेस कात्रजपासून जुन्या बोगद्याकडे चढणारा वळणावळणाचा रस्ता याचे चांगले उदाहरण होय. चढणीवर दोन-धावी गाडीचा गियर वेळेवर उतरवून एंजिन शक्तीच्या टापूत ठेवावे लागते. वळणावर फेऱ्या पडल्या, तर ती रेंगाळते. चार-धावी गाडी खालच्या फेऱ्यांतही ओढत राहते. उतारावरील भेद अधिक महत्त्वाचा आहे. चार-धावी एंजिनात पेट्रोल तोडले असता शोषण धावेत निर्वात निर्माण होऊन दट्ट्यास विरोध होतो व एंजिन गाडीस आवरून धरते. दोन-धावीत हा आवर फार थोडा मिळतो व सारा भार ब्रेकवर पडतो. शिवाय पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालविल्या जाणाऱ्या गाडीत पेट्रोल तोडले की वंगणही तुटते. तेलाचा वेगळा पंप असलेल्या आरएक्स १०० सारख्या गाडीतही अशा वेळी वंगणाचा पुरवठा घटतो. लांब उतारावर फेऱ्या चढ्या राहिल्यास दट्ट्या सिलिंडरात अडकून मागचे चाक जागच्या जागी थांबू शकते. म्हणून अधूनमधून क्षणभर पेट्रोल द्यावे व बोटे क्लचवर ठेवावीत, हा जुन्या चालकांचा रिवाज शास्त्रीय दृष्ट्याही योग्य आहे.

दोन-धावी गाडीचा ऱ्हास वेगामुळे नव्हे, तर धुरामुळे झाला. न जळलेले हायड्रोकार्बन व तेलाचा निळसर धूर यांमुळे उत्सर्जनाचे कडक होत गेलेले नियम पाळणे तिला परवडेना. पुण्याच्याच बजाज ऑटो कंपनीची वाटचाल पाहता हे स्पष्ट होते : कावासाकीच्या सहकार्याने १९८६ मध्ये दोन-धावी केबी १००, १९९१ मध्ये चार-धावी ४एस चँपियन आणि २००१ मध्ये पल्सर. १५० व १८० घ. सेंमी. वर्गांतील पल्सरने भारतीय तरुणांची वेगाची हौस चार-धावी एंजिनावर आणली. शर्यतींतही हेच घडले. जागतिक स्पर्धेच्या सर्वोच्च वर्गात २००२ पासून चार-धावी गाड्यांनी वर्चस्व मिळविले व १२५ घ. सेंमी.चा दोन-धावी वर्ग २०१२ मध्ये बदलला गेला. खडकाळ, चिखलाच्या शर्यतींत मात्र हलकेपणामुळे दोन-धावी गाडी टिकून आहे.

भारतात रस्त्यावर चालविण्यासाठी दोन-धावी गाडी घ्यायची, तर ती आता बहुधा जुनीच घ्यावी लागते. अशा वेळी रंगरूपापेक्षा सिलिंडर किती वेळा बोअर केला आहे, भुजापेटीची सीले गळतात काय व तेलपंप चालतो काय हे पाहणे अगत्याचे असते. एंजिन व चौकटीवरील क्रमांक नोंदणीपत्राशी जुळले पाहिजेत. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ती नव्याने करावी लागते व पर्यावरण करही भरावा लागतो. रोज कात्रजहून शहरात जा-ये करणाऱ्यास चार-धावी गाडीच सोयीची ठरते. दोन-धावी गाडी स्वतः खोलून बसविण्याची आवड असणाऱ्याने घ्यावी; ती पूर्ण तापेपर्यंत एंजिनावर जोर देऊ नये आणि तेलात काटकसर करू नये.