डोळा आणि हात

एकत्र कुटुंबांत परीक्षेचा निकाल लागला कीं तुलनेला आरंभ होतो. ‘जरा तुझ्या दादाकडे पाहा,’ हें वाक्य ज्या घरांत ऐकूं येत नाहीं असें घर विरळा. आम्हीं स्वतः तीस-पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें आणि ज्याला शब्दरूपें मुखोद्गत तोच हुशार, ही एकच पट्टी सर्वांना लाविली. घरींही तीच लाविली. धाकट्या पुतण्याला थोरल्याचा दाखला आम्हीं इतक्या वेळां दिला, कीं तो आमच्यासमोर पुस्तक उघडीनासा झाला आणि पुढें दोघां भावांचें बोलणेंही खुंटलें. दोष मुलाचा नव्हता, पट्टीचा होता, हें उमगावयास आम्हांस निवृत्तीनंतरचा निवांतपणा लागला. आणि तें उमगलें तें बायबलाच्या वाचनानें.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीस देशांतील करिंथ नगरीच्या ख्रिस्ती मंडळींत कोणाचें कृपादान श्रेष्ठ, यावरून चढाओढ लागली होती. पौलानें त्यांना पत्र लिहून मंडळीस देहाची उपमा दिली. आपण हात नाहीं म्हणून पायानें स्वतःला देहाबाहेरचा समजूं नये, आणि हातावांचून माझें अडत नाहीं असें डोळ्यानें म्हणूं नये, हा त्याचा आशय. पहिला दोष स्वतःला हीन लेखण्याचा, दुसरा इतरांस हीन लेखण्याचा. दोहोंचें मूळ तुलनेंत आहे. पुरुषसूक्त ज्यांना पाठ आहे त्यांना देहाचें रूपक परिचित वाटेल. मात्र तेथें अवयवांची सांगड वर्णांशीं आहे, येथें ती एकेका व्यक्तीशीं आहे. आणि जे अवयव दुबळे दिसतात ते अधिक आवश्यक, असें पौल आवर्जून सांगतो.

ही शिकवण संसारांत कशी उतरते, याचें उदाहरण आपल्याच भाषेंत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे संस्कृतज्ञ व कवि. त्यांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मात्र त्यांच्या मागोमाग गेल्या नाहींत. कित्येक वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीजवळ राहावयास आल्या, तेव्हांही आपलें सोवळें सांभाळून होत्या. खटके उडत, तरी पत्नीचें मन तिच्याच गतीनें वळूं देणें टिळकांना भाग होतें व त्यांनीं तें वळूं दिलें. १९०० सालीं लक्ष्मीबाईंनीं स्वतःच्या निर्णयानें बाप्तिस्मा घेतला. त्यांना शाळेचें शिक्षण नव्हतें. पतीच्या विद्वत्तेशीं त्या आपणांस तोलीत बसत्या तर लेखणी उचलत्या ना. पण त्यांनीं आपल्या बोलण्यांतल्याच मराठींत ‘स्मृतिचित्रें’ लिहिलीं, आणि आज मराठी आत्मचरित्रांत त्यांचें स्थान अग्रभागीं आहे.

येथें कोणी म्हणेल, कीं ‘मी असाच आहे’ हें आळशाचें निमित्त होईल. ख्रिस्तानें सांगितलेल्या एका दृष्टांतांत यास उत्तर आहे. धन्यानें तीन चाकरांना ज्याच्या-त्याच्या शक्तीप्रमाणें पांच, दोन व एक अशा थैल्या दिल्या. पहिल्या दोघांनीं त्या दुप्पट केल्या. दोघांची मिळकत वेगळी, तरी शाबासकी अगदीं सारखीच मिळाली. तिसऱ्यास बोल लागला तो एकच थैली मिळाली म्हणून नव्हे, ती पुरून ठेविली म्हणून. आपलें वेगळेपण म्हणजे मिरविण्याचा दागिना नव्हे. ती कामास लावावयाची ठेव आहे.

गेल्या वर्षीं दोघांही पुतण्यांस समोर बसवून आम्हीं धाकट्याची क्षमा मागितली. तो कांहींच बोलला नाहीं. थोरला मात्र म्हणाला, “काका, त्या दाखल्यांचा जाच मलाही झाला. मला कधीं चुकण्याची मुभाच नव्हती.” ही गोष्ट आमच्या कधीं ध्यानींही आली नव्हती. त्या दिवशीं दोघे भाऊ पुष्कळ वर्षांनीं शेजारीं बसून जेवले.

वाचकांच्या घरींही निकाल लागतील. गुणपत्रक हातीं येईल तेव्हां मुलाला त्याच्या स्वतःच्या कालच्या पावलाविषयींच विचारावें. दुसऱ्याचें नांव त्यांत आणूं नये, एवढीच विनंति.