बहात्तर तासांनी की बहात्तर तासांत?



२०२३ च्या मार्चमध्ये राज्यात ठिकठिकाणी अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. त्यानंतर पाचव्या दिवशी ओळखीचे एक शेतकरी माझ्याकडे आले. काढणीला आलेला गहू पार झोपला होता. मी विचारले, "विम्याला कळवलंत का?"

ते म्हणाले, "आज कळवतो, साहेब. मोबाइलवर इंग्रजीत निरोप आला होता. पोरानं वाचून सांगितलं, बहात्तर तासांनी कळवा."

निरोपातला शब्द होता 'विदिन'. 'विदिन ७२ अवर्स' म्हणजे ७२ तासांच्या आत. त्या वेळी गारपिटीच्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत देण्याचा नियम होता. मुदत टळली आणि भरपाई हातची गेली. विम्याचे नियम पुढे बदलले, आणखीही बदलतील. पण शब्दाचा अर्थ बदलत नाही. म्हणून आज खत-बियाणे बाजूला ठेवून या शब्दांविषयी लिहितो.

मुलगा दहावीत होता, हुशार होता. मग चुकला कुठे? इंग्रजीत 'इन' हा शब्द दोन्हीकडे चालतो. 'आय विल कम इन टू डेज' म्हणजे मी दोन दिवसांनी येईन. 'आय विल फिनिश द वर्क इन टू डेज' म्हणजे मी दोन दिवसांत काम संपवीन. 'विदिन'चे मात्र तसे नाही. 'विदिन' म्हणजे आतच. मुदत सुरू होते ती घटना घडल्या तासापासून.

दुसरी जोडी 'बाय' आणि 'टिल'. मराठीत दोन्हींना आपण 'पर्यंत' म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. बँकेच्या कागदावर 'पे बाय ३१ मार्च' असेल, तर त्या तारखेपर्यंत केव्हाही एकदा पैसे भरून मोकळे व्हायचे. 'टिल' म्हणजे तोवर चालू राहणारे. 'द शॉप इज ओपन टिल फाइव्ह' म्हणजे पाच वाजेपर्यंत दुकान उघडे राहील.

तिसरी जोडी 'सिन्स' आणि 'फॉर'. शाळेतल्या मुलांचे गुण इथे जातात. आपण 'सकाळपासून' म्हणतो आणि 'दोन तासांपासून'ही म्हणतो. इंग्रजीत काम सुरू झाले ती वेळ सांगायची तर 'सिन्स मॉर्निंग', 'सिन्स मंडे'. किती वेळ चालले ते सांगायचे तर 'फॉर टू अवर्स', 'फॉर थ्री डेज'.

लहान मुलांसाठी आणखी एक सोपी खूण. घड्याळाच्या वेळेला 'ॲट', वाराला व तारखेला 'ऑन', महिन्याला व वर्षाला 'इन'. 'ॲट सिक्स', 'ऑन संडे', 'इन जून'.

बारा वाजता तर शिकलेलेही फसतात. '१२ पी.एम.' म्हणजे दुपारचे बारा आणि '१२ ए.एम.' म्हणजे मध्यरात्र. रेल्वेच्या तिकिटावर १५ तारीख आणि ००.१० अशी वेळ असेल, तर १४ तारखेला रात्री जेवून स्टेशनवर निघा. १५ च्या रात्री गेलात, तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असेल.

फवारणीच्या औषधाबरोबरच्या माहितीपत्रकात 'वेटिंग पिरियड' असतो. शेवटची फवारणी आणि काढणी यांमध्ये किमान तेवढे दिवस जाऊ द्यायचे असतात. मोजणी शेवटच्या फवारणीपासून करायची, पहिल्या नव्हे. पाच दिवस लिहिले असताना दुसऱ्या दिवशी वांगी तोडली, तर औषधाचा अंश आपल्याच ताटात येतो.

आपल्या मराठीतही 'परवा' मागचा असतो आणि पुढचाही. 'परवा आलो' आणि 'परवा येईन' यांत आपण कधी चुकत नाही, कारण वाक्य पूर्ण ऐकतो. इंग्रजी कागदाचेही तसेच करा. नुसता आकडा पाहू नका. त्याच्या आधीचा छोटा शब्द पाहा.

मुलाने कागद वाचून दाखवला, की त्याला एवढेच विचारा, "म्हणजे कोणती तारीख? किती वाजेपर्यंत?" उत्तर मिळाले, की भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथल्या तिथे खूण करा. उत्तर देताना तो अडखळला, तर कागद घेऊन त्याच दिवशी गुरुजींकडे किंवा आमच्याकडे या. विचारायला आलात म्हणून कोणी हसणार नाही.