होस्टेलवरची अकरावी : ओझे किती आणि झेपते किती?

दहावीचा निकाल लागला आणि आमच्या थोरलीने सायन्स घ्यायचे ठरवले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावाजवळ सोय नव्हती, म्हणून पुण्याच्या एका निवासी कॉलेजात तिचे नाव घातले. फॉर्म भरताना आम्ही दोघांनी एकच विचार केला : पोर हुशार आहे, सगळे दरवाजे उघडे राहू देत. इंग्रजी, उर्दू, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी असे सहा विषय घेतले. त्यावर नीट आणि जेईई अशा दोन्ही परीक्षांची तयारी करून घेणारी जोड बॅच. तिला काय हवे, हे विचारायचे मात्र राहूनच गेले.

गणपतीच्या सुट्टीत ती घरी आली ती गप्प गप्प. पहिल्या चाचणीत मॅथ्समध्ये नापास, फिजिक्समध्ये जेमतेम पास. आम्हाला वाटले, घरची आठवण येत असेल. रात्री अम्मीच्या कुशीत शिरून ती म्हणाली, "अभ्यासाचा कंटाळा नाही आला, अम्मी. वेळच पुरत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे वही घेऊन बसलो. आठवड्याचे तास 168. झोप रोज सात तास, म्हणजे 49. कॉलेज 36, जोड बॅच 24. नमाज, जेवण, अंघोळ, कपडे धुणे यांत रोज चार तास, म्हणजे 28. जाण्यायेण्यात सहा, रविवारच्या परीक्षेचे तीन. उरले 22. दोन्ही भाषांना दोन-दोन तास दिले, की चार मोठ्या विषयांच्या वाट्याला प्रत्येकी साडेचार तास. तेवढ्यात धडा वाचायचा, गणिते सोडवायची आणि प्रॅक्टिकलची वहीही पुरी करायची.

त्यातच तिची दहावी उर्दू माध्यमाची. जो विषय ती 'कीमिया' म्हणून शिकली, तो आता सगळा इंग्रजीत. 'मुसल्लस' म्हटले की जो त्रिकोण डोळ्यांसमोर येई, त्यासाठी आता 'ट्रँगल' आठवावे लागे. हा अभ्यास कोणत्याच वेळापत्रकात नव्हता. तिचा अर्धा वेळ तिथेच जात होता.

मग आम्ही पहिल्यांदा विचारले, "बेटा, तुला काय व्हायचंय?" ती लगेच म्हणाली, "बायोलॉजी आवडते. मॅथ्स तुमच्यासाठी घेतलंय."

शिक्षकांना भेटून चौकशी केली. नीटमध्ये 180 प्रश्न. त्यांतले 90 बायोलॉजीचे आणि मॅथ्सचा एकही नाही. राज्याच्या सीईटीतही फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असा वेगळा गट आहे. फार्मसी, शेतकी, नर्सिंग यांचे रस्ते बायोलॉजीने मोकळे राहतात. इंजिनिअरिंगचा रस्ता मात्र मॅथ्सशिवाय अवघड. तो सोडावा लागणार होता, आणि खरे सांगायचे तर तो आमचा होता, तिचा नव्हता.

कॉलेजच्या परवानगीने मॅथ्सऐवजी भूगोल घेतला आणि जोड बॅच सोडून फक्त नीटची बॅच धरली. क्लासचे 24 तासांचे 18 झाले. आता 28 तास हाताशी आले. भाषांना चार, भूगोलाला तीन. उरलेल्या 21 तासांत तिन्ही विषयांना सात-सात. उर्दू-इंग्रजी शब्दांची एक छोटी वही केली आणि रोज फज्रनंतर दहा शब्द ठरवले.

या वर्षी ज्यांची मुले होस्टेलवर जाणार आहेत, त्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

फॉर्मवर सही करण्याआधी 168 तासांचा हिशेब मुलासोबत मांडा. झोपेचे तास कापून अभ्यासाचे वाढवू नका.

विषय बदलायचाच असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच कॉलेजला विचारा. अकरावीचे विषयच साधारणपणे बारावीत पुढे चालतात, म्हणून उशीर महागात पडतो. त्या वर्षीचे नियम कॉलेजच्या माहितीपत्रकात पाहून घ्या.

अकरावी म्हणजे आरामाचे वर्ष नव्हे. सीईटीत साधारण 20 टक्के भाग अकरावीचा असतो आणि नीटला दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. पण पाया घालायचा म्हणजे एकदम चार मजले चढवायचे असेही नव्हे.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, ऐन परीक्षांच्या तोंडावर असतो. सहरीला होस्टेलचे स्वयंपाकघर उघडे असते का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. जड धडे आधी उरकून रोज्यांत उजळणी ठेवली, तर मुलाची ओढाताण होत नाही.

आमची लेक अकरावी पास झाली. फार मोठे गुण नाहीत, फिजिक्स अजून कच्चे आहे. पण रविवारी फोन आला की ती आता पेशींबद्दल बोलते, धाकट्या भावाला हसवते. पुढे डॉक्टर होईल की नाही, अल्लाह जाणे. त्या वहीच्या पहिल्या पानावर आमचा 168 तासांचा हिशेब अजून आहे. तो पहिल्याच दिवशी, तिला शेजारी बसवून मांडायला हवा होता.