गालिच्याला भिडणारं तोंड

दिवाळीत रांगोळीचा डबा कार्पेटवर उपडा झाला आणि आमच्या घरातल्या व्हॅक्यूमबद्दलचं माझं मत बदललं. घर कॅनडातलं, ओंटॅरिओतलं. इथे अनेक घरांत बांधकामाच्या वेळीच भिंतींतून व्हॅक्यूमच्या नळ्या फिरवून ठेवतात. मोटार गॅरेजमध्ये बसवलेली असते, भिंतींना ठिकठिकाणी झाकणाची तोंडं असतात, आणि तीस फुटांचा होज त्यात खोचला की झाडायला सुरुवात. याला सेंट्रल व्हॅक्यूम म्हणतात. मोटार चांगली दांडगी. नळीच्या उघड्या टोकावर तळवा ठेवला तर जोर लावून सोडवावा लागतो. त्यामुळे रांगोळी दोन मिनिटांत निघेल अशी माझी खात्री होती.

वरवरची निघालीही. पण जिन्याच्या वळणावर, जिथे डबा पडला होता, तिथे कार्पेटची लव बोटांनी फाकवली की मुळाशी पांढरं दिसायचं. अर्धा तास होजच्या टोकाचं तोंड मागेपुढे फिरवलं. वरून लव स्वच्छ, आत रांगोळी तशीच. शेवटी शेजाऱ्यांचा कॅनिस्टर व्हॅक्यूम मागून आणला. चाकांवर मागे ओढत न्यायचा, लांब नळीचा. त्याची मोटार आमच्या गॅरेजातल्या मोटारीपुढे अगदी लहान. पण त्याच्या तोंडात विजेवर फिरणारा ब्रश होता, आणि चार-पाच फेऱ्यांत त्याने कार्पेटचा तळ मोकळा केला.

फरशीवरचा केर वर पडलेला असतो, कार्पेटमधला केर रुतलेला असतो. सगळा फरक इथे आहे. हवा नेहमी सोपी वाट धरते. तोंड कार्पेटवर टेकलं की ती कडेने शिरते आणि लवेच्या शेंड्यांवरून निघून जाते. मुळाशी बसलेल्या वाळूच्या कणाला तिचा स्पर्शही होत नाही. गॅरेजमध्ये याहून मोठी मोटार बसवली तरी यात फारसा फरक पडत नाही. लहानपणी आमच्याकडे सोलापुरी जमखाना गच्चीच्या कठड्यावर टाकून काठीने झोडपायचे. तिथे हवेची खेच कुठेच नव्हती, होता तो फक्त मार. आणि निघणारी धूळ पाहून आई दरवेळी म्हणायची, एवढी होती कुठे? विजेवर फिरणारं तोंड हीच काठी मिनिटाला हजारो वेळा चालवतं. ब्रश लव उघडतो, मुळाशी हादरा देतो, कण उसळतो आणि त्या क्षणी हवा त्याला उचलून नेते. हवेचं काम वाहून नेण्याचं, झाडण्याचं काम ब्रशचं.

हे ज्यांना सगळ्यात आधी उमगलं त्यांपैकी एक स्वतः झाडणारा माणूस होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. जेम्स मरे स्पँगलर हा ओहायोतल्या कँटन गावी एका दुकानात सफाईचं काम करायचा. त्याला दम्याचा विकार, आणि रोजचं काम धुळीतलं. १९०७ च्या सुमारास त्याने विजेचा पंखा, फिरता ब्रश, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून एक यंत्र जुळवलं. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी ते हूव्हर कुटुंबाकडे गेलं. पुढे १९२६ मध्ये हूव्हर कंपनीने ब्रशच्या रुळावर धातूच्या पट्ट्याही बसवल्या. ब्रशने झाडायचं आणि पट्टीने झोडपायचं. पण हे सारं उभ्या यंत्रात, जिथे मोटार आणि ब्रश एकाच अंगात असतात. १९२१ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने आडवा, जमिनीवरून सरकणारा व्हॅक्यूम आणला. तो पलंगाखाली शिरायचा, पडदे झाडायचा, हाताला हलका लागायचा, पण त्याच्या नळीच्या टोकाला फिरता ब्रश नव्हता. पुढे कॅनिस्टरच्या आणि सेंट्रलच्या टोकाला स्वतंत्र मोटारीचं तोंड आलं, तेव्हा कुठे स्पँगलरचा ब्रश लांब नळीच्या शेवटी पोहोचला.

आता तोंडांची तुलना. पहिला प्रश्न ब्रश कशावर फिरतो हा. आमच्या जुन्या तोंडात एक छोटी पवनचक्की होती. आत शिरणाऱ्या हवेच्याच झोताने ती फिरायची आणि ब्रश फिरवायची. यात वायर नाही, वजन कमी, किंमतही बेताची. सोफा, पातळ सतरंजी यांना ते पुरतं. पण एकाच हवेवर दोन कामं लादलेली असतात. दाट कार्पेटवर तोंड दाबलं की हवा कमी होते, हवा कमी झाली की चक्की मंदावते, आणि जिथे ब्रशची खरी गरज तिथेच तो थांबतो. पिशवी भरत आली की तेच. आमच्या रांगोळीच्या वेळी नेमकं हेच झालं. सबंध खोलीभर कार्पेट असलेल्या घरात हवेवरच्या तोंडावर भिस्त ठेवू नये, असं माझं स्वच्छ मत आहे.

विजेच्या तोंडात स्वतःची मोटार असते आणि ती पट्ट्याने ब्रशचा रूळ फिरवते. त्यासाठी होजच्या अंगातून तारा न्याव्या लागतात. सेंट्रलमध्ये कधी भिंतीतल्या तोंडातूनच वीज मिळते, कधी होजच्या टोकाशी असलेली छोटी वायर शेजारच्या प्लगमध्ये लावावी लागते. त्यामुळे तोंड निवडण्याआधी भिंत पाहावी.

मग पट्टा. जुन्या धाटणीच्या तोंडांत सपाट रबरी पट्टा असतो. तो काही महिन्यांत सैलावतो, घसरतो, आणि वाईट म्हणजे घसरतोय हे कळत नाही. आवाज तोच, ब्रश मात्र कार्पेटला लागला की दमतो. दातेरी पट्टा घसरत नाही. पण मग ब्रशमध्ये मोजा अडकला तर सगळा ताण मोटारीवर येतो, म्हणून अशा तोंडात वीज आपोआप तोडणारी सोय हवीच.

सेबो या जर्मन कंपनीचं ईटी-१ हे तोंड पहिल्यांदा उलटं करून पाहिलं तेव्हा हे कुणीतरी दुरुस्तीचा विचार करून बनवलंय हे लगेच कळलं. रुंदी बारा इंच. बाजूचं बटण दाबलं की ब्रशचा अख्खा रूळ आडवा बाहेर सरकतो, स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. वरच्या चकतीने ब्रश किती खाली न्यायचा ते ठरवता येतं. उंची चुकली किंवा ब्रश झिजला तर दिवा सांगतो, आणि काही अडकलं तर रूळ थांबतो. मोठ्या दिवाणखान्यासाठी त्याचंच पंधरा इंची भावंड आहे, ईटी-२. जर्मनीतलीच वेसेल-वेर्क ही कंपनी गिऱ्हाइकांना नावाने माहीत नसते, कारण तिची तोंडं दुसऱ्यांच्या नावाखाली विकली जातात. तिचं ईबीके ३६० हे सुमारे चौदा इंची, दातेरी पट्ट्याचं तोंड कितीतरी कॅनिस्टर आणि सेंट्रल व्हॅक्यूमच्या टोकाला सापडतं. दोन दुकानांत दोन नावांची, दोन किमतींची तोंडं दिसली तर ती उलटी करून पाहावीत. मीले या कंपनीची दोन तोंडं पाहण्यासारखी आहेत. एसईबी २२८ लवेवर आपोआप तरंगतं, तर एसईबी २३६ ला पाच उंच्या आहेत.

उंचीबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण बहुतेक घरांत चांगलं तोंडही इथेच वाया जातं. ब्रश फार खाली असेल तर तोंड ढकलवत नाही, मोटार तापते आणि लव कुरतडली जाते. फार वर असेल तर ब्रश हवेत फिरतो. रीत अशी: सगळ्यात वरच्या उंचीपासून सुरुवात करायची आणि एकेक घर खाली यायचं. ज्या घरावर तोंड स्वतःहून किंचित पुढे ओढू लागतं, ते त्या कार्पेटचं. आपोआप तरंगणारी तोंडं नेहमीच्या कार्पेटवर ठीक चालतात. पण गेल्या काही वर्षांत अतिमऊ, केसांहून बारीक तंतूंची जी दाट कार्पेटं आली आहेत, त्यांच्यावर तोंड शोषून घट्ट चिकटतं आणि जागचं हलत नाही. तिथे हाताने उंची बदलता येणारंच हवं, शिवाय नळीवर खेच कमी करणारी झडपही. वेटोळ्यांच्या विणीच्या कार्पेटवर ब्रश जपून, कारण एक धागा सुटला की ओळच्या ओळ उसवते. आणि भदोहीचा किंवा काश्मीरचा हाताने गाठी मारलेला गालिचा असेल तर ब्रश बंदच ठेवावा, झालरीपाशी तर तोंड नेऊच नये.

ही सगळी परीक्षा शास्त्रशुद्धपणेही होते. अमेरिकेच्या एएसटीएम एफ६०८ या प्रमाणित चाचणीत कार्पेटमध्ये मुद्दाम घाण रुतवतात आणि किती निघाली ते तोलतात. त्या घाणीत ९० टक्के सिलिका वाळू आणि १० टक्के टाल्क असतं. टाल्क म्हणजे आपलं शंखजिरं. हे वाचलं तेव्हा जिन्याचं ते वळण आठवलं. आमच्या दिवाळीने नकळत हीच चाचणी घेतली होती. जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन या कार्पेटच्या गावात कार्पेट अँड रग इन्स्टिट्यूट आहे. ती व्हॅक्यूमना शिफारस देताना मळ किती निघतो, धूळ किती उडते आणि कार्पेटचं रूप किती बिघडतं, हे तिन्ही पाहते. तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

युरोपात कायद्यानेच तोंडाचं महत्त्व वाढवलं. १ सप्टेंबर २०१४ पासून तिथे व्हॅक्यूमच्या मोटारीवर १६०० वॅटची मर्यादा आली, आणि १ सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची. कार्पेटमधून किमान किती धूळ निघालीच पाहिजे, हेही ठरवून दिलं. खोक्यावर मोठा आकडा छापून माल खपवण्याचे दिवस संपले. कमी विजेत तेवढीच धूळ काढायची तर मुद्दाम लक्ष द्यायची जागा तोंडाचीच.

आमच्याकडे आता तारांचा होज आणि विजेचं तोंड आहे. महिन्यातून एकदा मी ते उलटं करते, रूळ बाहेर काढते आणि त्याच्या खाचेतून कात्री फिरवते. लांब केस, साडीच्या काठाचे धागे, जरीची एखादी तार असा सगळा गुंता एका पट्टीत सुटून येतो. रुळाच्या दोन्ही टोकांच्या टोप्यांत केस शिरतात, ते चिमट्याने काढावे लागतात, नाहीतर बेअरिंग गरम होतं. घरी हळदीकुंकू झालं की दुसऱ्या दिवशी अक्षता नळीतून कडकडत वर जातात, तो आवाज खालच्या मजल्यावरही ऐकू येतो.

नवं तोंड सगळ्या खोल्यांतून पहिल्यांदा फिरवलं, त्या संध्याकाळी गॅरेजमधला डबा उघडला. एरवी त्यात राखाडी कापसासारखा केर असायचा, हलका, फुंकर मारली तर उडणारा. त्या दिवशी डबा उचलतानाच जड लागला. तळाशी बारीक वाळू होती, बऱ्याच वर्षांची, मुठीत घेतली तर खरखरणारी.