पडद्यावर हलतं कोण?

नव्वदच्या दशकात नागपूरच्या धरमपेठेत लहान असलेल्यांना रविवारची सकाळ म्हणजे दूरदर्शनवरचं ‘जंगल बुक’ आठवतं. मोगली, बघीरा, बल्लू आणि नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान. मालिका जपानी होती. निप्पॉन अॅनिमेशन या कंपनीनं ती १९८९-९० मध्ये काढली, एकूण ५२ भागांची. पण नागपूरच्या पोट्ट्यांसाठी मोगली होता शेजारचाच. ट्रॅफिक पार्कात खेळणाऱ्या मुलाला तो पेंचच्या जंगलात भेटेल असं वाटलं, तर त्यात नवल नव्हतं.

आणि हा समज पूर्ण चूक नव्हताच. रुडयार्ड किपलिंगनं १८९४ च्या पुस्तकात लांडग्यांचा कळप ठेवला तो सिवनीच्या डोंगरात. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्यानं निघालं आणि पेंचचं जंगल मागे टाकलं, की लागतं तेच हे सिवनी. पुस्तकातली वैनगंगाही खरी आहे. ती सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि पुढे भंडाऱ्यावरून वाहते. किपलिंगनं मात्र हे सगळं लिहिलं अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये बसून. नंतर डिस्नीच्या १९६७ च्या चित्रपटानं त्यात माकडांचा राजा म्हणून ओरांगउटान आणून बसवला. ओरांगउटान राहतात सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवर, त्यामुळे तो पाहून पेंचला गेलेल्या मुलाची समजूत वानरांवरच काढावी लागते.

मुलांच्या अशा कल्पनांना घरात हसण्यावारी नेलं जातं. मानसशास्त्रज्ञांनी मात्र त्यांच्याकडे फार गांभीर्यानं पाहिलं आहे, आणि ते योग्यच केलं. टीव्हीच्या मागे डोकावून माणसं शोधणारं मूल एक सिद्धांत तपासत असतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन फ्लॅव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना एक साधा प्रश्न होता. पडद्यावर पॉपकॉर्नचं भांडं दिसतंय. टीव्ही उलटा केला तर पॉपकॉर्न सांडतील का? तीन वर्षांची बरीच मुलं ‘सांडतील’ म्हणाली. चार वर्षांच्या मुलांना तसं वाटत नव्हतं. एका वर्षात चित्र आणि वस्तू यांतला फरक मनात पक्का होतो.

पण ‘हे खोटं आहे’ एवढं कळल्यानं प्रश्न संपत नाहीत. येल विद्यापीठातल्या डीना स्कोल्निक आणि पॉल ब्लूम यांनी २००६ मध्ये पुढचा प्रश्न विचारला. बॅटमॅनला रॉबिन खरा वाटतो का? आणि वेगळ्याच कार्टूनमधला स्पंजबॉब? चार वर्षांच्या मुलांचं उत्तर थक्क करणारं आहे. बॅटमॅनच्या दृष्टीनं रॉबिन खरा, स्पंजबॉब मात्र काल्पनिक. म्हणजे कल्पनेचं जग एकच नसून अनेक आहेत आणि त्यांच्या सीमा वेगळ्या आहेत, हे शाळेत जाण्याआधीच मुलांना कळलेलं असतं.

काही गैरसमज तर अचूक निरीक्षणातून जन्मतात. ‘फ्लिंटस्टोन्स’ या कार्टून मालिकेतला फ्रेड घरात पळत सुटला की तीच खिडकी, तोच दिवा पुन्हा पुन्हा मागे जातो. मुलाचा निष्कर्ष असा की फ्रेडचं घर फार लांब आहे आणि त्यात एकसारख्या खूप खिडक्या आहेत. डोळ्यांनी जे पाहिलं त्यावरून हा निष्कर्ष निर्दोष आहे. कारण पैशांचं होतं. ‘फ्लिंटस्टोन्स’ काढणाऱ्या विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० पासून ‘टॉम अँड जेरी’ केलं ते एमजीएम स्टुडिओच्या भक्कम बजेटवर. १९५७ मध्ये स्टुडिओनं तो विभाग बंद केला आणि दोघं टीव्हीकडे वळले. तिथे पैसा कमी, भाग जास्त. मग पार्श्वभूमीचं एकच लांबट चित्र फिरवून वापरायचं आणि शक्य तितक्या चित्रांची बचत करायची. त्यांच्याच योगी अस्वलाच्या गळ्यातली कॉलरही त्यासाठीच. ती मान आणि धड यांचा जोड लपवते, त्यामुळे धड स्थिर ठेवून फक्त डोकं नव्यानं काढता येतं. अस्वलाला शर्ट नाही, मग कॉलर आणि टाय कशाला, हा लहानपणचा प्रश्न म्हणूनच फार चांगला प्रश्न होता.

‘आता हाच दगड पडणार’ हे मुलांना आधीच कळायचं, त्यात अंतर्ज्ञान नव्हतं. पार्श्वभूमी कागदावर छटा देऊन रंगवलेली असे. हलणाऱ्या वस्तू पारदर्शक सेल्युलॉइडवर सपाट रंगानं. त्यामुळे पडणारा दगड शेजारच्या दगडांपेक्षा वेगळा, बहुधा फिकट दिसे. मुलांचे डोळे तो फरक टिपत, कारण सांगता येत नसलं तरी.

मोठी माणसंही अशा गैरसमजांत मागे नव्हती. अमेरिकेतल्या विन्सर मॅके यांनी १९१२ मध्ये डासाचा चित्रपट काढला तेव्हा प्रेक्षकांना वाटलं की तारांवर नाचवलेला पुतळा आहे. म्हणून १९१४ मध्ये त्यांनी चक्क डायनोसॉर निवडला. जिवंत डायनोसॉर कुणाकडे असणार? त्याच सुमारास आपल्याकडे दादासाहेब फाळके हाच खेळ खेळत होते. कुंडीत वाटाणा लावून महिनाभराहून अधिक काळ त्यांनी थोडं थोडं चित्रण केलं आणि मिनिटभराच्या चित्रपटात रोप भराभर वर येताना दाखवलं. हीच फिल्म दाखवून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी कर्ज मिळवलं. १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये तर आगकाड्याच हलू लागल्या. काडी सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची, एवढंच तंत्र.

मग हलतं कोण? इथे मोठ्यांचा सर्वांत टिकाऊ गैरसमज येतो. शाळेत शिकवलं जातं की प्रतिमा दृष्टिपटलावर सेकंदाचा सोळावा भाग टिकते, म्हणून चित्रं जोडली जाऊन हालचाल दिसते. याला दृष्टिसातत्य म्हणतात. त्याचा प्रयोगही ठरलेला आहे. पुठ्ठ्याच्या एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला पक्षी, आणि दोऱ्याला पीळ देऊन पुठ्ठा गरगर फिरवायचा. पक्षी पिंजऱ्यात दिसतो. पण तो उडत नाही. दोन चित्रं एकमेकांवर बसतात, बस्स. नुसती प्रतिमा टिकून हालचाल घडत असती, तर धावणाऱ्या टॉमचे सगळे पाय एकावर एक साचून नुसता रंगाचा फराटा दिसला असता.

मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी १९१२ मध्येच दाखवलं की दोन रेषा ठरावीक वेळेच्या अंतरानं आळीपाळीनं चमकवल्या तर एकच रेषा सरकताना दिसते. वेग फार वाढवला तर दोन्ही एकदम दिसतात, फार कमी केला तर एकामागून एक. हालचाल मेंदू तयार करतो. चित्रपट अभ्यासक जोसेफ आणि बार्बरा अँडरसन यांनी १९७८ आणि १९९३ मध्ये लेख लिहून दृष्टिसातत्याची दंतकथा सोडून द्या असं सांगितलं, तरी ती पुस्तकांत टिकून आहे. १९८३ मध्ये जर्मनीतल्या एका स्त्रीविषयीचा शोधनिबंध आला. मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाल्यावर तिला रंग, आकार नीट दिसत, हालचाल मात्र दिसेना. कपात ओतलेला चहा गोठल्यासारखा दिसे, कप भरत आल्याचं कळत नसे. तिच्या इजेची जागा मेंदूत होती, डोळ्यांत नव्हे.

म्हणून पक्षी आणि पिंजऱ्याच्या प्रयोगाशेजारी दुसरा एक प्रयोग वर्गात व्हायलाच हवा. वहीच्या कोपऱ्यात २४ पानांवर चेंडू काढायचा, प्रत्येक पानावर जरासा पुढे, आणि अंगठ्याखालून पानं सोडायची. चेंडू उडतो. मग दुसऱ्या वहीत चेंडूंमधलं अंतर वाढवत जायचं. एका टप्प्यावर चेंडू सरकायचा थांबतो. इथला नाहीसा होतो आणि तिथे दुसरा उगवतो. हा टप्पा किती मिलिमीटरवर येतो, हे पाचवीतलं मूलसुद्धा पट्टीनं मोजू शकतं.